वर मानाची, खाली कामाची

लग्नसराई आल्याचं मला पंचांगाआधी बोटांवरून कळतं. पत्रिकेवर सोनेरी अक्षरं उठवायची पन्नी दिवसभर हाताळली की तिचा वर्ख बोटांना लागतो आणि साबणाला दाद देत नाही. दुपारी भाकरी मोडली की भाकरीवर चमक, ताकाच्या पेल्यावर चमक. आमच्या मंगलताई, म्हणजे माझी बायको, दरवर्षी तेच वाक्य बोलते, "अवो, राजे जेवायला बसलं जणू! हात धुवा आधी." आणि राजे दरवर्षी तसेच जेवतात.

शिरूरच्या बाजारपेठेत माझा छापखाना आहे. पावतीपुस्तकं, दशक्रियेची कार्डं, निवडणुकीतली पत्रकं असं सगळं छापतो, पण नाव झालं ते लग्नपत्रिकांवर. आता तुम्ही म्हणाल, पत्रिका छापण्यात एवढं काय? छापणं सोपंच आहे हो. अवघड आहे ते नावं लावणं. आमच्या भागातल्या पत्रिकेत नवरा-नवरी शोधावे लागतात. वर गणपती, मग कुलदैवत, मग आशीर्वाद देणारे, मग प्रमुख उपस्थितीतले आजी-माजी पदाधिकारी, मग मामा, चुलते, आत्या, मेहुणे, आणि अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, कार्यवाहक मंडळी. एकदा माझ्या हातून उपसरपंचांचं नाव सरपंचांच्या वर गेलं. त्या लग्नात अर्धी भावकी जेवायला बसली नाही आणि उरलेली बुंदी गावानं आठवडाभर खाल्ली. तेव्हापासून मी नावं लावण्याचा असा काही अभ्यास केला, की लोक यादी टाकून जातात आणि म्हणतात, "लावा तुम्हीच. तुम्हांला कळतंय."

या धंद्यातलं एक गुपित सांगतो. पत्रिकेत वर असतात ती मानाची नावं आणि खाली असतात ती कामाची. वरच्या दहांपैकी आठजण येत नाहीत, दोघं येतात ते अक्षता पडल्यावर. खालची मंडळी मात्र आदल्या दिवसापासून चुलाणापाशी असतात, मांडवाचे खांब रोवतात, पाण्याचे जार उतरवून घेतात, आणि शेवटच्या पंगतीला उरलेल्या भातावर आमटी ओतून घेतात. लग्न लागतं ते त्यांच्या जिवावर. हे छापणाऱ्याला ठाऊक असतं, छापून घेणाऱ्यालाही असतं, आणि वर ज्यांची नावं असतात त्यांना तर सगळ्यांत आधी ठाऊक असतं. सगळा गोड मामला आहे.

या गोड मामल्यानंच तीन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत माझा घात केला.

त्या वर्षी माझी मुलगी वृषाली शेतकीची पदवी घेऊन घरी आली होती आणि एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती. तिला कीटकशास्त्र शिकायचं होतं. तिला लहानपणापासून किड्यांचं वेड. आणि हे वेड तिनं पोसलं माझ्या छापखान्यात, पत्रिकांच्या नमुन्यांच्या रिकाम्या डब्यांमध्ये. त्या डब्यांना आतून मखमल आणि वर पारदर्शक झाकण असतं. मखमलीवर तिनं टाचणीनं भुंगे टोचून ठेवलेले. एकदा न्हावऱ्याचे एक पाहुणे मुलाच्या लग्नाची पत्रिका पसंत करायला आले. त्यांनी स्वतःच कपाटातला डबा काढला, उघडला, आणि आत शिंगवाला काळा गेंड्या भुंगा. पाहुणे घटकाभर बघत राहिले. मग गंभीरपणे म्हणाले, "डिझाइन नवीन दिसतंय."

अभ्यासही तिचा छापखान्यातच. घरी म्हणे झोप येते. आता मोठी छपाई सगळी नव्या यंत्रावर होते, पण घडीची रेघ पाडायला आणि पावत्यांवर नंबर टाकायला माझ्याकडे अजून एक जुनं पायाचं मशीन आहे. खटक-धप, खटक-धप. त्या आवाजाशेजारी बसून ती पिकांवरच्या किडी पाठ करायची. एका हातात प्रश्नसंच, दुसऱ्या हातात लाल पेन. मी प्रूफं तिच्याकडे सरकवायचो आणि ती पान न उलटता माझ्या चुका काढायची. आजही शाई आणि ताज्या कागदाचा वास आला की मला त्यात मावा, तुडतुडे आणि फुलकिडे ऐकू येतात.

प्रश्न विचारायचं काम मंगलचं. ती दुपारी डबा घेऊन यायची आणि पोळपाटासारखा प्रश्नसंच मांडीवर घ्यायची.

"सांग, गुलाबी बोंडअळी कोषात कुठं जाती?"

"आई, पर्याय वाच ना."

"पर्याय कशाला? तुला येत आसंल तर सांग, न्हाईतर जेव."

महिनाभरात मंगलला इतके किडे पाठ झाले, की वांगं चिरताना अळी निघाली तर ती सुरी थांबवून म्हणायची, "शेंडा आन् फळ पोखरणारी. वृषे, हिला भाजीत घालू, का परीक्षेला नेतीस?"

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर बसलो होतो. कडुनिंबाखाली बापांचा मेळावाच भरला होता. प्रत्येकाच्या मांडीवर पोरीची नाहीतर पोराची बॅग, आणि चेहरे असे, की पेपर आपलाच आहे. मला गप्प बसवत नाही. दोन तासांत मी सगळ्यांना हसवलं आणि एका गृहस्थांच्या पुतण्याच्या पत्रिकेची ऑर्डरही घेतली. वृषाली बाहेर आली. म्हणाली, "पप्पा, आत फार शांत होतं. काही सुचेना. मग मी टेबलाखाली पायानं मशीन सुरू केलं, खटक-धप. मग सुचलं." मी तिच्या पायाकडे बघितलं. चपलेत तो पाय अजून हलत होता.

निकाल उत्तम लागला. जवळच्या कॉलेजात, रोज एसटीनं जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर, कीटकशास्त्राची जागा तिला सहज मिळेल एवढा वरचा क्रमांक. आता फक्त पसंतीक्रम भरायचा होता, कुठला विषय आणि कुठलं कॉलेज, पहिलं काय, दुसरं काय.

आणि हे कळल्यावर घराघरातून शिफारशी आल्या. मंगलचे धाकटे भाऊ बाळासाहेब दौंड तालुक्यात भांडगावला असतात. डाळिंब, फ्लॉवर, थोडा ऊस. माणूस खुशालचेंडू. एका साखरपुड्यात जेवता जेवता ते म्हणाले, "दाजी, वृषालीला उद्यानविद्या द्या. आमच्याकडचं कॉलेज चांगलं हाय. माझ्या घरी ऱ्हाईल, माझी बाग बघंल." माझ्या थोरल्या बंधूंचं मत कृषी अर्थशास्त्राचं पडलं. "बँकेत लागंल. किडं शिकून काय औषधाच्या दुकानात बसायचंय व्हय?" वृषालीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एका प्रूफाच्या पाठीवर आपली यादी लिहिली. पहिलं, कीटकशास्त्र, जवळचं कॉलेज.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी तिच्या मैत्रिणीचं दौंडला लग्न होतं. वेबसाइट दोन दिवस अडली होती. निघताना तिनं यादी माझ्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवली. "पप्पा, साइट सुरू झाली की जसंच्या तसं भरा. माझ्या फोनवर ओटीपी येईल तो मला विचारा."

दुपारी साइट सुरू झाली. पडद्यावर रिकामे रकाने दिसले, एक, दोन, तीन, चार. आणि वाचकहो, तीस वर्षांची विद्या माझ्या बोटांत उतरली. रिकामे रकाने आणि नावांची यादी! मला वाटलं, हा फॉर्म उद्या घरच्या ग्रुपवर जाणार. बाळासाहेब बघणार, बंधू बघणार. मामाचं नाव कुठं तरी तळाला? मामाचा मान पहिला. त्यानंतर थोरले बंधू. पोरीचं आहेच तिसऱ्या नंबरावर, ते कुठं पळून चाललंय? वर मानाचं, खाली कामाचं. एक, उद्यानविद्या. दोन, कृषी अर्थशास्त्र. तीन, कीटकशास्त्र. काय सुंदर दिसत होतं ते! कुणी म्हणून नाराज होणार नाही अशी यादी.

मी फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता. "पप्पा, लिहा! सात... सात! दोन, नऊ..." बँडच्या वरताण ओरडून तिनं मला सहा आकडे सांगितले. शेवटी विचारलं, "जसंच्या तसं ना?" मी म्हणालो, "एकदम झकास!"

हे वाक्य मी खोटं बोललो नव्हतो. हेच तर जास्त लागतं.

प्रिंट काढली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. बाळासाहेबांनी हात जोडलेले पाठवले. बंधूंनी अंगठा. वृषालीनं तो फोटो दौंडच्या मांडवात, पंगतीत, पानावर जिलबी पडत असताना बघितला. फोन केला नाही. संध्याकाळी घरी न जाता थेट छापखान्यात आली, हातावर मैत्रिणीच्या लग्नाची मेंदी. टेबलावरची प्रिंट समोर ओढली, लाल पेन उचललं, आणि एक व तीनच्या मध्ये अदलाबदलीची खूण केली. ती नागमोडी रेघ. हजार वेळा मीच तिला शिकवलेली.

"अगं, नुसता मान दिलाय," मी म्हणालो. "तुझं तिसरं आहेच की."

"पप्पा, ते प्रवेशाचं यंत्र वरून वाचतं. पहिलं मिळण्यासारखं असलं की तिथंच थांबतं. खाली येतच नाही."

"म्हणजे तिसऱ्याला कुणी विचारणारच नाही?"

"त्याला मान कळत नाही. त्यानं मला काय पाहिजे ते विचारलं होतं."

मंगल डब्याची पिशवी घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "साऱ्या तालुक्याची नावं नीट लावली तुम्ही, आन् घरच्या..." मंगल वाक्य अर्धं सोडते तेव्हा समजावं, की आता गंमत संपली.

फॉर्म बंद झाला होता. छापून झालेल्या पत्रिकेत चूक निघाली, तर चिकटवायला पट्टी असते. इथं पट्टी नव्हती.

पुढचे आठ दिवस वृषाली माझ्याशी बोलली नाही. रोज यायची, प्रूफं तपासायची आणि जायची. मी गयावया केली नाही, तो माझा पिंड नाही. मी चुका करायला लागलो, मुद्दाम. नवरदेवाच्या जागी त्याच्या आजोबांचं नाव टाकलं. मुहूर्ताच्या जागी जेवणाची वेळ. एका पत्रिकेत तर नवरीचे मामा म्हणून साक्षात मला घातलं. वाटलं, हसेल, निदान रागानं का होईना "पप्पा!" म्हणेल. ती शांतपणे लाल रेघ मारायची आणि कागद परत सरकवायची. इतकं अचूक प्रूफवाचन माझ्या छापखान्यात पूर्वी कधी झालं नाही, नंतरही नाही.

प्रवेशाची यादी लागली. यंत्रानं माझा मान राखला होता. उद्यानविद्या, मामांकडचं कॉलेज.

त्या दिवशी ती बोलली. "दोनच रस्ते आहेत. ही जागा घ्यायची, नाहीतर सोडायची आणि शेवटच्या फेरीत उरलेल्या जागांना बसायचं."

"आणि उरलंच नाही काही?"

"तर वर्ष गेलं."

जुन्या मशीनवर हात ठेवून मी उभा होतो. मुलीचं वर्ष म्हणजे काय, हे त्या क्षणी मला कळलं. म्हणालो, "घे गं ही. फळं-फुलं वाईट नाहीत."

"वाईट कुठं म्हणते? माझी नाहीत." मग थांबून, "मी सोडणार आहे पप्पा. पण मामांना तुम्ही सांगायचं. मान तुम्ही दिलाय, परत तुम्हीच मागा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोटारसायकलवर निघालो. न्हावऱ्यावरून, पारगावचा भीमेचा पूल ओलांडून, चौफुल्याला चहा घेऊन भांडगावला. वाटेत मी भाषणाची तालीम करत होतो. तीन वेगवेगळी भाषणं तयार केली, एक भावुक, एक कायदेशीर आणि एक छातीत कळ आल्याचं. मागून वृषाली म्हणाली, "पप्पा, तिसरं नको." मी मोठ्यानं बोलत होतो की काय, देव जाणे.

बाळासाहेब डाळिंबाच्या बागेत पाठीवर फवारणीचा पंप घेऊन उभे. आम्हांला बघून खूश. "या या, मॅडम या! आमच्या कॉलेजचं पाव्हणं! बघ, पानावर ह्या काळ्या-नारिंगी अळ्या कश्या सुटल्यात. मगरीवाणी दिसत्यात. आज समद्यांचा निकाल लावतो."

वृषालीनं पान हातात घेतलं, उलटं केलं, आणि तिचा चेहरा असा उजळला, की मी माझी तीनही भाषणं विसरलो. "मामा, थांबा. पंप खाली ठेवा आधी. ही तुमची माणसं आहेत."

"माझी?"

"ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची पिल्लं. हा बघा रस शोषणारा मावा, आणि ही बघा, त्याला खातायत. तुम्ही औषध मारलं तर हीच आधी मरतील. मग मावा मोकळा."

बाळासाहेब वाकले. मी वाकलो. ती बोटाएवढीही नसलेली मगर एकामागून एक मावा खात चालली होती, पंगतीत भूक लागलेला कार्यवाहक जेवावा तशी. आम्ही तिघं भर उन्हात त्या पानाभोवती डोकी लावून किती वेळ उभे होतो कुणास ठाऊक. मग बाळासाहेबांनी पंप खाली ठेवला.

मी घसा साफ केला. "बाळासाहेब, एक बोलायचंय." आणि भाषणाबिषण बाजूला राहून सगळं खरं सांगून टाकलं. यादी, रकाने, ग्रुप, मान.

बाळासाहेब म्हणाले, "दाजी, मी पहिला नंबर कवा मागितला? जेवताना माणूस काय बी बोलतंय. ह्या पोरीला किडंच शिकायचं हुतं, तर मला आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्हांला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट? तुम्ही आजपातूर किती पत्रिकांत माझं नाव वर टाकलंय?"

"पुष्कळ."

"त्यातल्या एका तरी लग्नाला मी येळंवर गेलोय का?"

वृषाली खो-खो हसायला लागली. आठ दिवसांचं साठलेलं हसू. डाळिंबाच्या फांदीला धरून हसली, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसली. मग बाळासाहेब हसले, मग मी. घरातून वहिनी धावत आल्या, कुणाला किडा चावला म्हणून.

निघताना बाळासाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सोड ती जागा, बाय. आन् मिळालं न्हाई, तर वर्सभर ह्या बागंत ये. हितं किड्यांना तोटा न्हाई."

जागा सोडली. शेवटच्या फेरीत कीटकशास्त्राची एक जागा मिळाली, पण राज्याच्या दुसऱ्या टोकाला. जी मुलगी रोज एसटीनं घरी आली असती, ती दिवाळीला आणि उन्हाळ्यात येणार होती. एवढी किंमत माझ्या सुंदर यादीची पडली आणि ती मी भरली नाही, तिनं भरली. दौंड स्टेशनला तिला गाडीत बसवलं, तेव्हा सकाळचं ऊन फलाटावर पडलं होतं. मंगलनं लाडवांचा डबा दिला. मी मखमलीचा रिकामा डबा दिला, भुंग्यांसाठी. तिनं पर्समधून लाल पेन काढून माझ्या खिशाला लावलं. "आता तुमचं तुम्ही बघा." गाडी हलली. कधी नव्हे तो मी एकही विनोद न करता स्टेशनाबाहेर आलो. मंगल म्हणाली, "बोला की कायतरी." मी खिशातलं लाल पेन चाचपलं.

या वर्षीची लग्नसराई आली आणि परवा ती एक जाड गठ्ठा घेऊन दारात उभी राहिली. तिचा प्रबंध. विषय ढालकिडा आणि डाळिंबावरचा मावा. दोन हंगाम तिनं भांडगावला येऊन बाळासाहेबांच्या बागेत नोंदी घेतल्या होत्या, दोन ओळी फवारणीविना सोडायला लावून. काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं हवीत, म्हणाली. सोनेरी अक्षरं! ज्या साच्याखाली 'शुभविवाह' उठतं, त्याच्याखाली मी स्वतः तिचं नाव उठवलं. एकदा उठवून समाधान होईना, म्हणून वाया गेलेल्या पुठ्ठ्यांवर आणखी तीन वेळा उठवलं.

मग तिनं एक सुटं पान माझ्यापुढे ठेवलं. ऋणनिर्देश. बाकी सगळं इंग्रजीत, हे पान तेवढं मराठीत, मामांना वाचता यावं म्हणून.

"प्रूफ बघा पप्पा."

मी खिशातलं लाल पेन काढलं. वर मार्गदर्शक मॅडम, मग विभागप्रमुख, मग इतर सर, मग प्रयोगशाळेतल्या मैत्रिणी. मग मामा, 'ज्यांनी त्या दिवशी पंप खाली ठेवला.' मग आई, 'जिनं पर्याय न वाचता प्रश्न विचारले.' पान संपत आलं. माझी नजर खाली खाली जात होती. अगदी शेवटी, समासाला टेकून, बारीक अक्षरांत एकच शब्द होता. पप्पा. पुढं काही नाही, मागं काही नाही.

कार्यवाहकांची जागा.

मी मान वर केली. ती टेबलापलीकडे प्रूफांचा ढीग उपसत बसली होती. वर न बघता म्हणाली, "क्रम बरोबर आहे ना?"

तीस वर्षं तालुक्याची नावं लावली मी. पान एकदा वरून खाली वाचलं, एकदा खालून वर. मग पेनाला टोपण लावलं.

"छाप," म्हणालो.

टेबलाखाली तिचा पाय चालू झाला होता.